बाळ अजून चालत नाही

(पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि बालविकास प्रकल्पातील कर्मचारी यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात एका बालरोगतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



या वर्गात कालपासून पाणीपुरवठा, करआकारणी, पटनोंदणी अशा विषयांवर व्याख्याने झाली. त्या मालिकेत आज "बाळ केव्हा बसते, केव्हा चालते" हा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मला दिसले. हा तर घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विषय. ग्रामपंचायतीचा आणि शाळेचा त्याच्याशी संबंध तो काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गावात एखाद्या मुलाविषयी शंका निघाली, की ती जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचावयाची की ओट्यावरच विरून जावयाची, याचा निर्णय बहुधा गावातील चार जाणत्या माणसांच्या बोलण्यावर होतो. ती जाणती माणसे म्हणजे आपणच आहात.

बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक अनुभव येतो. बाई मुलाला घेऊन येते. ताप, खोकला, जुलाब जे काही असेल ते सांगते, औषधाची चिठ्ठी घेते आणि उठते. दाराशी गेल्यावर मात्र थांबते आणि जाता जाता सुचल्यासारखे दाखवून विचारते, "डॉक्टर, जावेचं बाळ याच्याच बरोबरचं, ते बसायला लागलं. आमचं अजून बसत नाही. काळजीचं काही नाही ना?" तापाचे निमित्त असते. ज्या प्रश्नासाठी ती सहा कोस आली, तो हा दाराशी विचारलेला प्रश्न असतो.

पूर्वी या प्रश्नाच्या पोटात एकच भय असे, आणि ते पोलिओचे. ते भय आता उरलेले नाही. या देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले. आपल्यापैकी कितीतरी जणांनी बूथवर बसून, घरोघर फिरून ते कार्य केले आहे. भय गेले तरी प्रश्न राहिलाच आहे. उलट, आता त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहण्यास आपण मोकळे झालो आहोत.

सरासरी आणि मुदत

घरपट्टी भरण्यास मुदत असते, हे मी आपणांस सांगावयास नको. ३१ मार्च उलटला की थकबाकी निघते. मुलांच्या बाबतीत आपण नकळत हाच हिशेब लावतो. सहाव्या महिन्यात बसले पाहिजे, आठव्यात रांगले पाहिजे, वर्षाचे झाले की चालले पाहिजे. त्या तारखेला जमले नाही तर मूल थकबाकीदार! वस्तुतः हे आकडे सरासरीचे आहेत. सरासरी म्हणजे स्थूलमानाने निम्मी मुले तिच्या आधी ते काम करतात आणि निम्मी नंतर करतात. नंतर करणारी ही निम्मी मुलेही पूर्णपणे निरोगी असतात. शिक्षक मित्रांना हे लवकर पटेल. वर्गाच्या सरासरी उंचीपेक्षा बुटकी असलेली निम्मी मुले आजारी आहेत, असे आपण म्हणत नाही.

या संबंधात जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या एका अभ्यासाची माहिती आपणांस असावी असे वाटते. १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुलांच्या वाढीचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातील शारीरिक हालचालींचा भाग घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांत पार पडला. आपल्या देशातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते. चांगला आहार, स्तनपान आणि आरोग्याची सोय असलेल्या ८१६ मुलांच्या घरी प्रशिक्षित निरीक्षक वेळोवेळी गेले. त्यांनी सहा टप्पे पाहिले: आधाराशिवाय बसणे, धरून उभे राहणे, हात व गुडघे टेकून रांगणे, धरून चालणे, एकटे उभे राहणे आणि एकटे चालणे. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत प्रत्येक टप्प्यासाठी एक तारीख न देता एक कालखंड दिलेला आहे.

आधाराशिवाय बसण्याचा हा कालखंड ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंतचा आहे. एकट्याने चालण्याचा ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंतचा. म्हणजे नऊ महिन्यांचे होण्यापूर्वीच घरभर फिरणारे मूल आणि साडेसतरा महिन्यांनी पहिले पाऊल टाकणारे मूल, ही दोन्ही मुले निरोगी असू शकतात. दोहोंच्या मध्ये नऊ महिन्यांहून अधिक अंतर आहे! जितका काळ मूल आईच्या उदरात असते, तितका हा फरक. जावेच्या मुलाशी होणारी तुलना किती निरर्थक असते, हे या एका आकड्यावरून ध्यानात यावे.

रांगण्याची गोष्ट तर याहून मौजेची आहे. या अभ्यासातील शंभरांपैकी सुमारे चार मुले हात व गुडघे टेकून रांगलीच नाहीत. कोणी पोटावर सरपटले, कोणी बसल्या बसल्या सरकत गेले, कोणी तडक उभेच राहिले. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये पालकांसाठी असलेली आपली यादी सुधारली, तेव्हा रांगणे तिच्यातून वगळण्यात आले. पूर्वी त्या यादीत साधारणतः निम्मी मुले जे करू शकतात ते दिलेले असे. आता किमान ७५ टक्के मुलांकडून जे अपेक्षित आहे तेच दिले जाते. या बदलावर त्या देशातील तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते असावेतही. परंतु सरासरीची यादी पालकांच्या हाती दिल्याने एकीकडे विनाकारण घबराट पसरते आणि दुसरीकडे "थांबून पाहू" म्हणण्याची सवय जडते, ही अडचण तेथेही जाणवली, एवढे त्यावरून निश्चित होते.

आपल्याकडेही या विषयावर मोलाचे काम झालेले आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांचे दीर्घकाळ निरीक्षण करून विकासाची मापे बसविली. परदेशी मुलांची मापे जशीच्या तशी आपल्या मुलांना लावणे बरे नव्हे, हा त्यामागील विचार होता. पुढे १९९१ मध्ये तिरुवनंतपुरम येथील डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १७ टप्प्यांचा एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. तो वापरण्यास यंत्र लागत नाही. एक पेन्सिल आणि एक किल्ल्यांचा जुडगा एवढे साहित्य पुरते. त्याकडे मी शेवटी येईन.

दोन मुले

आता थोडे स्वतःविषयी बोलतो. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी होतो. तेथील दोन मुलांची हकीकत सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

पहिली मुलगी एका शिक्षकाची. वर्षाची झाली तरी ती रांगेना. बसल्या बसल्या एका हाताने जमीन रेटीत ती सर्व घरभर सरके, आणि सरकण्यात इतकी तरबेज, की स्वयंपाकघरातील डबे कोठे ठेवावे हा आईला प्रश्न पडे. तरीही घरात चिंता पसरली होती. आजीने दृष्ट काढली, कोणी ताकदीच्या औषधाच्या बाटल्या आणल्या, कोणी पायांना कोणते तरी तेल सुचविले. शिक्षक महाशयांनी तीन डॉक्टर केले. मुलीच्या आईला "तुझं दूधच कसदार नाही" असे ऐकावे लागले, ते वेगळेच. मी तपासले. मुलगी हसरी, हाकेला वळून पाहणारी, दोन बोटांच्या चिमटीत चुरमुरा उचलणारी. दोन्ही पायांत सारखे बळ. अशी सरकणारी मुले बहुधा उशिरा चालतात हे ठाऊक असल्याने मी त्यांना धीर दिला. सतराव्या महिन्यात ती चालली.

दुसरा मुलगा एका शेतमजूर बाईचा. दहा महिन्यांचा असताना तापासाठी तिने त्याला आणले होते. रांग मोठी होती. चिठ्ठी घेऊन ती उठली आणि म्हणाली, "सायब, ह्यो समदं डाव्या हातानंच घेतोय बघा." मी मान वर न करताच म्हणालो, "डावखुरा होईल. चांगलं असतं ते." आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

तोही मुलगा सतराव्या महिन्यात चालला. घरच्यांनी गूळ वाटला. तारखेच्या हिशेबाने सर्व काही ठीक होते. त्यानंतर आणखी काही महिन्यांनी, मूल दोन वर्षांचे झाल्यावर, ती बाई पुन्हा आली. मुलाची उजवी मूठ आवळलेली होती. उजव्या पायाची टाच जमिनीला टेकत नव्हती. जन्माच्या आगेमागे केव्हातरी मेंदूच्या एका बाजूला इजा झाल्यामुळे उजव्या अंगाला आलेली ती दुर्बलता होती, आणि तिची पहिली खूण त्या बाईने मला चौदा महिन्यांपूर्वीच सांगितली होती. वर्षाच्या आतले मूल सहसा कोणत्याही एका हाताचा पक्षपात करीत नाही. करीत असेल तर दुसरा हात का मागे राहतो, हे पाहावयास हवे. हे पुस्तकात मी वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेलेही होते.

ते चौदा महिने वाया गेले. मेंदूची घडण ज्या काळात सर्वाधिक वेगाने होत असते, त्या काळातील ते महिने होते. त्या वेळी व्यायाम सुरू झाले असते तर मूल पूर्ण बरे झाले असते, असे मी म्हणणार नाही. पण हाताला वळण लावण्यास, टाचेचा स्नायू आखडू न देण्यास तोच काळ होता. पुढे दर आठवड्यास त्याला घेऊन ती एसटीने येत असे. मला तिने कधी दोष दिला नाही; आपण सांगितले होते, हे तिला आठवत तरी होते की नाही, कोण जाणे.

ही दोन मुले मी मुद्दाम शेजारी ठेवली. चालण्याचा महिना दोघांचाही एकच. एकीच्या बाबतीत वर्षभर विनाकारण काळजी झाली, दुसऱ्याच्या बाबतीत काळजी करावयास हवी होती आणि ती झाली नाही. म्हणून तारखेपेक्षा मूल ती हालचाल कशी करते, दोन्ही अंगे सारखी वापरते की नाही, आणि एकंदरीत दर महिन्याला पुढे सरकते आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

केव्हा थांबू नये

मग थांबावयाचे केव्हा आणि निघावयाचे केव्हा? आपण डॉक्टर नाही आणि होऊही नये. परंतु काही गोष्टी अशा आहेत की त्या दिसल्यावर "बघू पुढच्या महिन्यात" असे कोणीही म्हणू नये.

यांतील सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे आलेली कला जाणे. बसणारे मूल बसेनासे झाले, हसणारे हसेनासे झाले, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात ते डॉक्टरांपुढे गेले पाहिजे. उशीर आणि उतरण यांत फार अंतर आहे. त्यानंतर अंगाच्या ताठरपणाचा किंवा ढिलेपणाचा क्रम येतो. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, किंवा उचलले असता मूल ओल्या कपड्यासारखे हातांतून निसटते, असे आई सांगते. तिचे हे शब्द आमच्या शास्त्रीय शब्दांइतकेच नेमके असतात. एकच अंग वापरण्याचे मी सांगितलेच. तीन महिने होऊनही आईकडे पाहून न हसणारे, पाच महिन्यांचे झाले तरी मान न धरणारे, नऊ महिने उलटून गेले तरी न बसणारे आणि अठरा महिने पुरे झाले तरी न चालणारे मूल तपासून घ्यावे. आवाजाकडे न वळणारे मूल तर यांपैकी कशाचीही वाट न पाहता तपासावे.

तपासणे म्हणजे आजार ठरविणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. अठरा महिन्यांनंतर चालणारी काही मुले संपूर्ण निरोगी निघतात. तसे निघाले तर घरच्यांची एक खेप वाया गेली, इतकेच.

दिवस अपुरे राहून जन्मलेल्या मुलाचा हिशेब मात्र वेगळा करावयाचा असतो. दोन महिने आधी जन्मलेले मूल आठ महिन्यांचे झाले, तर त्याला सहा महिन्यांच्या मापाने मोजावे. दोन वर्षांपर्यंत अशी वजावट करण्याची पद्धत आहे. कितीतरी मातांचे अश्रू या एका वजाबाकीने थांबतात. अर्थात अशा मुलांना धोका अधिक असल्याने त्यांची तपासणी नियमाने व्हावयास हवीच.

उशिराची काही कारणे उपचाराने दूर होणारी आहेत, आणि म्हणूनच वेळ दवडल्याचे दुःख अधिक. आपल्या आजीला ठाऊक असलेला मुडदूस अद्याप गेलेला नाही. उन्हाचा स्पर्श न झालेली, ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडे मऊ राहिलेली मुले उशिरा चालतात, पाय कमानीसारखे वाकतात. औषध साधे आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जन्मतः काम करीत नसेल, तर मूल सुस्त राहते आणि बुद्धीही मागे पडते; पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ही हानी बहुतांशी टळते. तिसरे कारण आपल्या देशात विशेष आढळते. आईच्या आहारात मांस, अंडी नाहीत, दूधही नाममात्र. अशा आईच्या अंगावरील दुधावरच मूल वर्षभर राहिले, वरचे अन्न मिळालेच नाही, तर ब-१२ या जीवनसत्त्वाची तूट पडते. मूल फिकट होते, त्याचे लक्ष लागत नाही, बसणारे मूल आडवे पडून राहते, कधी हातांना कंप सुटतो. घरातले म्हणतात, दृष्ट लागली. वेळेवर इंजेक्शने मिळाली तर काही दिवसांत मूल पुन्हा हसू लागते. हा बदल ज्याने पाहिला तो विसरत नाही. फार उशीर झाला तर मात्र बुद्धीवरील परिणाम मागे राहू शकतो. उष्टावण सहाव्या महिन्यात करण्याची आपली चाल या दृष्टीने किती शहाणपणाची आहे! फक्त तो एका दिवसाचा समारंभ ठरू नये, दुसऱ्या दिवशीही वाटी पुढे यावी.

पांगुळगाडा आणि चाकांची खुर्ची

येथे थोडे विषयांतर करतो. तालुक्याच्या बाजारात हल्ली मुलांना बसवून ठेवण्याचे चाकांचे वॉकर मिळतात. बाळ लवकर चालावे म्हणून हौशी मामा ते घेऊन येतो. त्याने बाळ लवकर चालत नाही. मध्ये लोंबकळत असल्याने मुलाला स्वतःचा तोल सांभाळावा लागत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि पायरीवरून गडगडून डोक्याला मार बसण्याचे प्रकार घडतात ते निराळेच. कॅनडा देशाने २००४ मध्ये या वस्तूच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या सुताराने केलेला तीन चाकी लाकडी पांगुळगाडा ही अगदी वेगळी वस्तू आहे. मूल स्वतः उभे राहते, दांडी धरते आणि गाडा ढकलते. तोल त्याचाच, श्रमही त्याचेच. तो आज फारसा दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

तसेच झोळीचे. कामावर जाणाऱ्या आईला झोळीवाचून गत्यंतर नसते, हे मी जाणतो. तरीही दिवसातून काही वेळ जागे असलेले मूल गोधडीवर पालथे ठेवावे, समोर कोणीतरी बसावे, खुळखुळा हलवावा. झोपताना मात्र ते पाठीवरच असावे. मान, खांदे आणि पाठ यांना बळ येण्याची शाळा ती हीच. याला पैसा लागत नाही, माणूस लागते.

गावाने काय करावे

बालविकास सेवा या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीत मुलाचे वजन नियमाने होते, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु वजन घेणारी नजर अजून मुलाच्या हालचालीकडे तितक्या सहजतेने वळत नाही. काटा दिसतो, मूठ दिसत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड प्रत्येक घरी दिलेले असते आणि त्यात विकासाच्या टप्प्यांची चित्रे छापलेली असतात. लसीच्या पानापलीकडे ते कार्ड सहसा उघडले जात नाही. २०१८ पासून आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत घरी भेट द्यावयाची योजना आहे. हे महिने पाहिले तर आपल्या ध्यानात येईल, की मान, बैठक आणि उभे राहणे यांतील प्रत्येक वळणावर एक भेट पडते. त्या भेटीत चित्रांचे पान उघडले जाते काय, एवढे सदस्यांनी सहज विचारीत जावे. चौकशीच्या सुरात मात्र विचारू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमातील पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चारही गोष्टी ते पाहते, आणि शंका असलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविते. योजना चांगली आहे. तिच्यातील गळती कोठे आहे, ती मी आपणांस दोन उदाहरणांनी सांगतो.

बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सहा महिन्यांचे बाळ आईबरोबर कोपीवर जाते आणि वर्षाचे होऊन परत येते. ज्या महिन्यांत पाहावयाचे, नेमक्या त्याच महिन्यांत ते गावात नसते. पथक येते, नोंदवहीत "स्थलांतरित" असा शेरा पडतो आणि ओळ पुरी होते. टोळी निघण्यापूर्वी गावातील दीड वर्षाखालील मुलांना एकदा पाहून घेणे, आणि ती परतल्यावर पहिल्या पंधरवड्यात पुन्हा पाहणे, हे ठरविण्यास ग्रामसभेखेरीज कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. यादी सरपंचांच्या खिशात असते.

दुसरी गळती पाठवणीनंतरची. चिठ्ठी दिली म्हणजे मूल जिल्ह्याच्या गावी पोहोचले, असे कागदावर होते. प्रत्यक्षात जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि बरोबर येण्यास माणूस, या तीन गोष्टींपाशी ती चिठ्ठी अडते. आणि जाणे एकदाच नसते. व्यायामासाठी पुन्हा पुन्हा जावे लागते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. ती बहुधा प्रमाणपत्र असलेल्या प्रौढांमध्ये वाटली जाते. त्यांचा हक्क आहेच. परंतु अकरा महिन्यांच्या मुलाजवळ प्रमाणपत्र नसते, म्हणून त्या यादीत ते दिसत नाही, आणि खरे पाहता सर्वांत अधिक फायदा त्याच वयात होणारा असतो. नियमांच्या चौकटीत अशा मुलाच्या प्रवासाची सोय कशी करता येईल, याचा विचार गटविकास अधिकाऱ्यांनी करावा, अशी माझी विनंती आहे.

शिक्षकांना मी एवढेच सांगेन, की पहिलीत आलेल्या मुलाचा हात पेन्सिल धरताना आखडतो, तेव्हा तो आळस आहे असे ठरविण्यापूर्वी त्याच्या घरी असलेल्या धाकट्या भावंडाकडेही एकदा पाहून यावे. आपण घरी जाता तेव्हा आई बोलते. दवाखान्यात ती जे दाराशी बोलते, ते आपल्यापाशी ओट्यावर बसून बोलते. ती बोलेल तेव्हा "याचा बापही उशिराच चालला होता" हे वाक्य आपल्या तोंडून येऊ देऊ नका. ते पुष्कळदा खरे असते, कारण उशिरा चालण्याचा स्वभाव काही घराण्यांत असतोच. पण त्या वाक्याने संभाषण संपते. त्याऐवजी "तुम्हांला नेमकं काय वेगळं वाटतं?" असे विचारावे आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून तिच्याबरोबर द्यावे. मला त्या दिवशी अशी चार शब्दांची चिठ्ठी कोणी दिली असती, तर मी मान वर केली असती, असे वाटते.

तो मुलगा पुढे शाळेत गेला. डाव्या हाताने लिहितो. पाय किंचित ओढतो. त्याच्या आईने नंतर गावातील आणखी दोन मुलांना माझ्याकडे आणले. त्यांपैकी एकाचे काहीच बिघडलेले नव्हते. दुसरे सात महिन्यांचे होते, आणि ते वेळेवर आले होते.

माझी वेळ संपत आली आहे. आयोजकांनी जवळच्या अंगणवाडीतील दोन माता व त्यांची बाळे यांना येथे बोलाविले आहे. एक नऊ महिन्यांचे आणि एक सव्वा वर्षाचे. मघाशी सांगितलेला तक्ता आपण आता त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष भरून पाहू. मुलाच्या वयाच्या जागी एक उभी रेघ ओढावयाची, आणि तिच्या डाव्या बाजूला पूर्ण संपलेले जे टप्पे आहेत ते मूल करते की नाही ते पाहावयाचे, एवढीच रीत आहे. पाच-सात मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. पंखा जरा कमी करावा, मुले घाबरतील. खुर्च्या मागे घ्या आणि मध्ये सतरंजी अंथरा. किल्ल्यांचा जुडगा माझ्याजवळ आहे. पेन्सिल कोणाजवळ असेल तर द्यावी.